मालवणची सागरी जलतरण स्पर्धा आणि घरच्यांसोबतचा शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमध्ये राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. दिवाळी उलटली की पोहणाऱ्या मुलांच्या आई-बाबांचे फोन सुरू होतात. कुठे राहायचं, काय खायचं, आजीला आणायचं का, समुद्रात भीती वाटली तर काय करायचं, असे प्रश्न असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. मी कोल्हापूरचा, त्यामुळे घाटरस्त्यांबद्दल जरा जास्त लिहिलं आहे. पण बाकीचं मुंबई-पुण्याच्या किंवा गोव्याच्या मंडळींनाही उपयोगी पडेल.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. शर्यत संपेपर्यंत ही सहल पोहणाऱ्या मुलाची, त्यानंतर सगळ्या घराची. एवढं ठरवून निघालात की निम्मे प्रश्न वाटेतच सुटतात.

ही स्पर्धा कोणासाठी असते?

जवळजवळ सगळ्यांसाठी. ५०० मीटरपासून १० किलोमीटरपर्यंत वेगवेगळी अंतरं असतात आणि वयाप्रमाणे गट असतात. पहिली-दुसरीतली चिमुरडीही उतरतात आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही. दिव्यांग जलतरणपटूंचा वेगळा गट असतो. तो सुरू असताना किनाऱ्यावर थांबाच, आपल्या मुलांनाही शेजारी उभं करा. आई-बाबांपैकी कोणी पोहत असेल तर त्यांनीही नाव द्यावं. आई पाण्यात आणि मुलगी किनाऱ्यावर टाळ्या वाजवतेय, असं दृश्य तिथे सर्रास दिसतं.

तारीख, शुल्क, गटांची विभागणी आणि लागणारी कागदपत्रं दरवर्षी नव्यानं जाहीर होतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक हातात घेऊनच फॉर्म भरा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. वयाचा दाखला आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र तयार ठेवलं की ऐनवेळी धावपळ होत नाही.

माझी मुलगी तलावात एक किलोमीटर सहज पोहते. समुद्रात जमेल का?

दम पुरेल. पण समुद्रात दमाआधी दुसऱ्या गोष्टींची परीक्षा होते, आणि त्या तलावात कोणी शिकवत नाही.

पहिली गोष्ट दिशा. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, दर २५ किंवा ५० मीटरवर भिंत असते. समुद्रात तळ दिसेलच असं नाही. मान पाण्यात घालून पोहत राहिलं की मूल नकळत एका बाजूला सरकतं आणि एक किलोमीटरचं सव्वा किलोमीटर होतं. म्हणून ठरावीक हात मारले की डोळे पाण्याच्या वर काढून बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) कुठे आहे ते बघायचं, याला पोहणारे सायटिंग म्हणतात. पूर्ण डोकं उचललं की पाय खाली बसतात आणि वेग मोडतो. फक्त डोळे वर यायला हवेत, श्वास पुढच्या हाताला बाजूनंच घ्यायचा. आणि बघायचं ते लाट आपल्याला उचलते तेव्हा. दोन लाटांच्या खोलगट भागात बघितलं तर समोर नुसतं पाणी दिसतं. याचा सराव निघण्याआधी महिनाभर तलावातच करता येतो. तलावाच्या टोकाला एखादी रंगीत बाटली ठेवायची आणि दर आठ-दहा हातांना ती बघायची.

दुसरी गोष्ट श्वास. एकाच बाजूनं श्वास घेणाऱ्या मुलाला त्याच बाजूनं लाट आली तर तोंडात पाणी जातं. दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला तर निम्मी भीती संपते.

तिसरी गोष्ट सुरुवातीची गर्दी. एका गटाची सगळी मुलं एकदम पाण्यात धावतात, हात-पाय लागतात, कधी गॉगल सरकतो. पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलानं घोळक्याच्या कडेला उभं राहावं, शिट्टी झाल्यावर तीन-चार सेकंद थांबावं आणि मग निघावं. त्या चार सेकंदांनी काही बिघडत नाही.

समुद्राची मदतही असते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे अंग तलावापेक्षा वर तरंगतं. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलांना हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. डिसेंबरमध्ये मालवणचं पाणी गार नसतं, पहाटेच्या हवेपेक्षा ते उबदारच लागतं.

पहिल्या वर्षी कोणतं अंतर घ्यावं?

तलावात न थांबता जेवढं पोहता येतं त्याच्या निम्म्याहून जास्त नको. शेजारच्या मुलानं ३ किलोमीटरचा फॉर्म भरला म्हणून आपणही भरू नये.

कोल्हापूरहून कसं जायचं? शुक्रवारी रात्री निघावं की शनिवारी पहाटे?

शर्यत रविवारी सकाळी आहे असं धरून सांगतो. शुक्रवारी दुपारी निघून अंधार पडायच्या आत घाट उतरता आला तर उत्तम. नाहीतर सरळ शनिवारी पहाटे निघा. रात्रीच्या घाटात मुलाला उलट्या झाल्या तर दुसरा अख्खा दिवस त्या पोटाला सावरण्यात जातो.

मुख्य रस्ते दोन. एक गगनबावडा-करूळ घाट-वैभववाडी-तळेरे असा, तिथून महामार्गानं कणकवली आणि मग कसाल. दुसरा राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट असा, तोही कणकवलीजवळ महामार्गाला मिळतो. कसालहून मालवण फाट्यानं आत वळायचं. अंतर दोन्हीकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास, वेळ चार तास धरून चाला. मला राधानगरीचा रस्ता जास्त आवडतो. दाजीपूरच्या जंगलातला गारवा असतो आणि मुलं खिडकीतून गवे दिसतात का ते बघत बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांना मात्र दोन्हीकडे वळणं आहेतच, निघताना पोट हलकं ठेवा. घाट सुरू आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा अनेकांना गगनबावड्यापर्यंत जाऊन रस्ता बदलावा लागला होता.

मुंबई-पुण्याहून?

मुंबईकरांनी कोकण रेल्वेच धरावी. कोकणकन्या किंवा तुतारीनं रात्री निघालं की सकाळी कुडाळ किंवा कणकवलीला उतरता येतं. कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. आरक्षण सुरू होण्याच्या दिवशीच तिकीट काढा, डिसेंबरच्या शनिवार-रविवारी गाड्या भरलेल्या असतात. पुणेकरांना कोल्हापूरमार्गे गाडीनं यावं लागतं. त्यांनी शुक्रवारी रात्री कोल्हापुरात मुक्काम करावा, असं मी आग्रहानं सांगेन. आठ-नऊ तास गाडीत बसलेलं मूल पाण्यात आखडतं.

राहायचं कुठे?

चिवल्यालाच. तारकर्ली-देवबागचा किनारा प्रसिद्ध आहे, पण शर्यतीच्या पहाटे तिथून गाडी काढा, पार्किंग शोधा, हा व्याप कशाला? चिवला बीच मालवण गावातच आहे. किनाऱ्यालगत माडांच्या बागांमध्ये घरगुती राहण्याची सोय आहे, अंगणातून उतरलं की वाळू. मूल उठून दात घासत समोरचा समुद्र बघतं, तेव्हा तो त्याला परका राहत नाही. या एका गोष्टीसाठी खोली थोडी साधी मिळाली तरी चालेल.

खोली घेताना दोनच प्रश्न विचारा: पहाटे गरम पाणी मिळेल का आणि मुलाला पहाटे साडेपाचला काही साधं खायला करून द्याल का. घरमालकीणबाईंना "पोरगी शर्यतीत आहे" म्हणून सांगितलंत, तर दुसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारावाच लागत नाही.

शनिवारचा अख्खा दिवस हातात आहे. काय करायचं?

कमी. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. इतक्या लांब आलोच आहोत म्हणून शनिवारी किल्ला, दुपारी तारकर्लीला पाण्यातले खेळ, संध्याकाळी देवबागचा संगम आणि रात्री सुरमई-कोंबडीवडे. रविवारी पहाटे मूल सुरुवातीच्या रेषेवर उभं राहतं ते उन्हानं भाजलेलं, झोप न झालेलं.

शनिवारी सकाळी पोहोचलात तर थोडा वेळ समुद्रात उतरा (त्याबद्दल पुढे लिहिलं आहे), मग जेवून दुपारी झोप. नावनोंदणी तपासून कॅप, नंबर वगैरे जे काही वाटप असेल ते घेऊन या आणि मुलाला सोबत न्या. बोया कुठे लावले आहेत, वळायचं कुठून, पोहून बाहेर कुठे यायचं हे त्यानं स्वतः बघितलं पाहिजे. सूचना सांगितल्या जातात तेव्हा आई-बाबांनी फोन खिशात ठेवावा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघायला जा. सिंधुदुर्गाच्या बांधकामाचं भूमिपूजन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झालं, ते या खडकापाशी, असं मानतात. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग आणि पादुका कोरलेल्या आहेत. तिथून समोर पाण्यात किल्ला दिसतो. तो उद्यासाठी राखून ठेवायचा आहे, हे मुलाला तिथेच सांगा. चालणं थोडं, गर्दी कमी, आणि सूर्यास्ताला खोलीवर परत. साडेआठ-नऊला दिवा बंद. मोठ्यांना गप्पा मारायच्या असतील तर अंगणात बसा, पण आवाज हळू.

शनिवारी समुद्रात उतरवावं का? दमणार नाही?

पंधरा-वीस मिनिटांनी कोणी दमत नाही आणि त्याचा फायदा फार मोठा असतो. खारट पाण्याची चव, पायाखालची सरकती वाळू, लाटेचा धक्का, या सगळ्याची ओळख आदल्या दिवशी झाली की शर्यतीत त्याचं काही वाटत नाही.

शक्य असेल तर शर्यतीच्याच वेळेला उतरा. त्याचं कारण वारा. डिसेंबरच्या सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुरू झाले की तोच चिवला वेगळा दिसतो, पाण्यावर बारीक लाटा उठतात. शर्यत सकाळी लवकर ठेवतात ती यासाठीच. दुपारचा खळबळलेला समुद्र बघून मूल रात्रभर धास्ती घेऊन झोपतं, आणि सकाळी त्यातलं काहीच नसतं.

आणखी एक बारकावा. चिवला पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो, पण परत किनाऱ्याकडे वळलं की तो थेट डोळ्यांत येतो. बोया दिसेनासा होतो. म्हणून रंगीत काचेचा गॉगल घ्या आणि किनाऱ्यावरची एखादी उंच खूण आधीच हेरून ठेवायला सांगा. माडांची रांग उपयोगाची नाही, पाण्यातून सगळे माड एकसारखे दिसतात. एखादा टॉवर, उंच इमारतीचा रंग किंवा स्पर्धेची मोठी कमान चालेल.

वडीलधाऱ्यांपैकी पोहता येणारं कोणीतरी पाण्यात सोबत हवंच आणि उतरण्याआधी तिथल्या एखाद्या मच्छीमाराला विचारा. "आज पाणी कसं आहे?" या एका प्रश्नावर तो वारा, पाण्याची ओढ, खडक कुठे आहेत, सगळं सांगतो.

भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळेल?

अचूक वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात. पण किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांची रीत मुलांना जरूर शिकवा, फार आवडते. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येतो त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. तिथून सहा तासांच्या थोडं पुढे पूर्ण ओहोटी. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज पक्का बसतो. अष्टमीच्या रविवारी आठ वाजता शर्यत असेल तर पाणी उतरत असणार, हे पंचांगावरूनच कळतं.

रोज भरती पाऊण तासाच्या थोडं वर, म्हणजे जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे शनिवारी ज्या वेळी उतरलात, त्याच वेळचं रविवारचं पाणी थोडं वेगळं असेल, पण फार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाण्याची ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी.

शनिवारी रात्री काय खावं? मालवणात येऊन मासे खायचे नाहीत?

खायचे, रविवारी दुपारी. शनिवारी रात्री भात, वरण, साधी भाजी, ताक. घरी मासे नेहमी खाणाऱ्या मुलाला तळलेल्या बांगड्याचा एखादा तुकडा चालेल. तिसऱ्या (शिंपल्या), खेकडे, झणझणीत रस्सा आणि वडे नकोत. सोलकढीही जपून, नारळाचं दूध सवय नसलेल्या पोटाला जड जातं.

सकाळसाठी मालवणी घरातच उत्तम गोष्ट असते: उकड्या तांदळाची पेज. मऊ, कोमट, चवीला मीठ. पोटात थांबते, उलटून येत नाही. शर्यतीच्या दोन तास आधी एक वाटी पेज आणि हवं असेल तर केळं. दूध नको. पाण्यात उतरण्याआधी तासभर नुसतं घोट-घोट पाणी. कोल्हापूरच्या मुलांना पेज नवीन असते, म्हणून घरी दोन-चारदा करून बघा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाण्यासारखं जगात काहीच नाही.

सामानात काय विसरू नये?

दोन गॉगल, कारण एकाचा पट्टा तुटतोच. सवयीचा पोहण्याचा पोशाख, नवा कोरा नाही. व्हॅसलिन: काखेत, मानेवर आणि पोशाखाच्या शिवणी घासतात तिथे जाडसर लावायचं, खाऱ्या पाण्यात कातडी लवकर सोलवटते. ते लावल्यावर हात पुसा, गॉगलच्या काचेला लागलं तर शर्यतभर धुकं. मोठा टॉवेल आणि अंगभर झाकणारा सैल कुडता किंवा जुना शर्ट. गोड्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. आजी-आजोबांसाठी टोप्या.

शर्यतीच्या सकाळी किनाऱ्यावर काय चालतं?

उजाडताना वाळू गार असते आणि माणसांनी फुललेली असते. दंडावर मार्करनं नंबर लिहून घेण्यासाठी रांग. एखादं लहान मूल हात ताठ धरून, श्वास रोखून उभं असतं, नंबर पुसला जाऊ नये म्हणून मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालतं. व्हॅसलिन लावलेल्या दंडावर शाई बसत नाही, म्हणून आधी नंबर आणि मग व्हॅसलिन. प्रशिक्षकांच्या हाका, लाऊडस्पीकरवर गटांची नावं, एका बाजूला कोणीतरी आई मुलीची वेणी कॅपमध्ये कोंबतेय. पलीकडे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या.

तुमच्या गटाची वेळ ठरल्यापेक्षा पुढे जाऊ शकते. हे गृहीत धरा आणि मुलाला उन्हात उभं करून ठेवू नका. सावलीत, अंगावर शर्ट घालून बसू द्या. नाव पुकारल्यावर दहा मिनिटं हात-खांदे फिरवले की पुरे.

आम्ही किनाऱ्यावरून काय करायचं?

कॅपचा रंग आणि हात मारण्याची ढब लक्षात ठेवा, कारण पन्नास मीटर आत गेल्यावर सगळी डोकी सारखी दिसतात. मूल दिसेनासं झालं की पोटात गोळा येतो, तो प्रत्येकाच्याच येतो. पाण्यात बोटी असतात, कयाक असतात, जीवरक्षक असतात. त्यांच्यावर भरवसा ठेवा आणि स्वतः पाण्यात धावू नका.

शर्यतीनंतर भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती बाहेर येण्याच्या रेषेपासून थोडी लांब ठेवा. पोहून बाहेर येणारं मूल वाळूवर पाय टेकल्यावर दोन पावलं डगमगतं, इतका वेळ आडवं राहून एकदम उभं राहिल्यामुळे. तेव्हा त्याला हवं असतं पाणी, टॉवेल आणि मिठी. "कितवा आलास?" हा प्रश्न तेव्हा विचारू नका. तो स्वतःहून सांगेल.

मध्येच दम लागला किंवा भीती वाटली तर?

हे मुलाला आधीच, शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा: पाठीवर वळायचं, तोंड आकाशाकडे, खारं पाणी तुला धरून ठेवतं. चार श्वास घ्यायचे. बरं वाटलं तर पुढे. नाही वाटलं तर एक हात सरळ वर करायचा आणि बोट येईपर्यंत तसंच तरंगायचं. पोहायला निघण्याआधी हे दोन-तीनदा प्रत्यक्ष करून घ्या.

आणि बोटीतून परत आलेल्या मुलाशी कसं बोलायचं, हे आई-बाबांनी घरूनच ठरवून यावं. ज्या मुलानं योग्य वेळी हात वर केला, त्याला समुद्र कळला आहे. त्याचं तितक्याच मनापासून कौतुक व्हायला हवं. हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. मोठ्या अंतराचे नावाजलेले जलतरणपटूसुद्धा पाणी साथ देत नसेल तर मोहीम सोडून परत येतात आणि पुढच्या वेळी पुन्हा उतरतात. पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ मध्ये जगातल्या सात कठीण सामुद्रधुन्या पोहण्याचा टप्पा पूर्ण केला, असं करणारा तो पहिला आशियाई ठरला. अशी माणसं भरतीची वेळ, वारा आणि पाण्याचं तापमान जुळेपर्यंत किनाऱ्यावर दिवसेंदिवस थांबतात. हे मुलांना सांगा.

जेलीफिश चावली तर?

चोळू नका आणि गोड्या पाण्यानं धुऊ नका, दोन्हींनी आग वाढते. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा आणि लगेच वैद्यकीय पथकाकडे न्या. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर एक क्षणही थांबू नका.

धाकटं भावंड आणि आजी-आजोबा कंटाळतील का?

आजी-आजोबा मुळीच नाही. त्यांना सावलीत खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह मिळालं की तेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतात. राहायची जागा चिवल्यालाच घेतली असेल तर दमल्यावर ते खोलीवर जाऊन पडू शकतात.

धाकट्याकडे मात्र एका मोठ्या माणसानं पूर्ण लक्ष द्यायचं, आणि ते कोणी हे आदल्या रात्री ठरवायचं. सगळ्यांची नजर शर्यतीवर असते तेव्हाच लहान मूल पाण्याकडे जातं. हवा भरलेली ट्यूब किंवा खेळण्यातला तराफा अजिबात देऊ नका. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि शांत दिसणाऱ्या पाण्यावरून अशी ट्यूब बघता बघता आत जाते. वाळूत किल्ला करायला फावडं-बादली द्या, मोठा भाऊ किंवा ताई पोहून येईपर्यंत तो पूर्ण करायचा, असं काम सोपवा.

शर्यत संपली. आता?

आता तुमची सहल सुरू. गोड्या पाण्यानं अंघोळ, घावणे-चटणी, तासभर आडवं पडणं. बक्षीस समारंभ दुपारी असेल तर त्याला थांबा, स्वतःच्या मुलाचा नंबर नसला तरी. मग मासे. सुरमई, सोलकढी, तिसऱ्यांचं सुकं, जे राहिलं होतं ते सगळं.

त्यानंतर बंदरावरून होडीनं सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरचा हा किल्ला सुमारे ४८ एकरांवर पसरला आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आत आहे, चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत, आणि आजही काही कुटुंबं तिथे राहतात. पण पोहून आलेल्या मुलाला मी आधी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी नेईन. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. ज्यानं सकाळी तासभर खारट पाणी तोंडातून थुंकलं आहे, त्याला ही जागा निवडणाऱ्या माणसाची नजर लगेच कळते, पुस्तकातून कळते त्याहून जास्त. शेवटची होडी किती वाजता परत निघते ते चढतानाच विचारून घ्या.

आजी-आजोबांना होडी नको असेल तर त्यांना धामापूरच्या तलावावर न्या. चौके गावावरून कुडाळच्या वाटेवर आहे. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. शेकडो वर्षांपूर्वीच्या या तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

स्कूबा डायव्हिंग?

शर्यतीच्या आधी नाही. कान किंवा सायनस दुखावला तर शर्यत गेली. शर्यतीनंतर, सोमवारी, नाक-कान मोकळे असतील तर चालेल. दहा वर्षांखालच्या मुलांना स्नॉर्केलिंगवर समाधान मानायला लावा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. कुठेही गेलात तरी प्रशिक्षकानं आधी उथळ पाण्यात सराव करून घेतला पाहिजे, तो टाळणाऱ्याकडून उठून या.

सोमवारी सुट्टी आहे. परतताना किनाऱ्यानं जाता येईल का?

जरूर जा. मालवणहून उत्तरेकडे आचरा, मुणगे, मिठबाव, कुणकेश्वर आणि देवगड असा किनाऱ्याचा रस्ता आहे. वळणावळणाचा, खाड्यांवरच्या पुलांचा, त्यामुळे अंतर थोडं असलं तरी वेळ लागतो. आचऱ्याला रामेश्वराचं देऊळ बघा. कुणकेश्वरला देवळाच्या पायरीपाशीच समुद्र आहे. तिथे दर्शन घ्या, वाळूत बसा, पण पोहायला उतरू नका. काल शर्यत पोहलेल्या मुलाला प्रत्येक किनारा आपलाच वाटू लागतो, तेव्हा त्याला हे तिथेच सांगणं गरजेचं आहे: काल बोटी होत्या, आज नाहीत.

देवगडहून नांदगाव आणि फोंडाघाटावरून राधानगरीला थेट रस्ता आहे, त्यामुळे कोल्हापूरकरांना कणकवलीत शिरावं लागत नाही. दुपारी दोनच्या आत देवगड सोडलं तर उजेडातच घाट चढून होतो. ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा आणि गॉगल गोड्या पाण्यात बुडवून मगच भरा, मिठानं त्यांचं रबर कडक होतं.